सीझरच्या सन्मानाच्या बाजूने बोलताय? या चुका टाळा

‘खून झालेल्या सीझरला सरकारी इतमामात निरोप देणं योग्यच होतं.’ वादविवादाला प्राचीन रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याच्यावरचा हा विषय पडला की मुलं धावत येऊन अनुकूल बाजू मागतात. सोपी वाटते ना! कॉलेजच्या मुलांची तयारी करून घेताना ही सोपी बाजू त्याच त्या चुकांनी हातची गेलेली मी इतक्यांदा पाहिली आहे, की आता लिहायलाच बसले.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या मिनिटापासून भावनेला हात घालणं. माझा एक विद्यार्थी होता, आवाज खणखणीत, पाठांतर चोख. अंतिम फेरीत त्याने अंगावरची शाल काढून उंच धरली, “हे बघा, सीझरचे तेवीस घाव!” टाळ्या पडल्या. मग समोरच्या मुलीने शांतपणे विचारलं, “सन्मान द्यायचं सिनेटने, म्हणजे रोमच्या राज्यसभेने, कधी ठरवलं?” याला उत्तर येईना. तीच म्हणाली, “१७ मार्चला. तुम्ही दाखवताय तो रक्ताळलेला झगा फोरम या रोमच्या मुख्य चौकातला, अंत्यसंस्काराच्या दिवशीचा. निर्णय त्याआधीच झाला होता. मग तो कशावर झाला?” वेळ शिल्लक असताना पोरगा खाली बसला. परतीच्या एसटीत म्हणाला, “बाई, मी भाषण पाठ केलं, प्रसंग वाचलाच नाही.”

प्रसंग असा. इ.स.पू. ४४, १५ मार्चला खून झाला आणि दोन दिवसांनी टेलस देवीच्या मंदिरात सिनेट भरलं. सीझरला जुलमी ठरवायचं, तर त्याने काढलेले हुकूम आणि वाटलेली पदंही रद्द होणार. मारेकऱ्यांचे म्होरके ब्रुटस आणि कॅशियस त्या वर्षी स्वतः प्रेटर, म्हणजे न्यायदानाचे वरिष्ठ अधिकारी होते, तेही सीझरच्या मर्जीने. डोलाबेला हा तरुण राजकारणी तर आदल्या दिवसापर्यंत मारेकऱ्यांच्या गोटात मिरवत होता. पण पंचविशीत मिळालेलं कॉन्सलपद (रोममधलं सर्वोच्च वार्षिक पद) हातचं जाणार म्हटल्यावर त्याने तिथल्या तिथे बाजू बदलली, असं इतिहासकार अ‍ॅपियन सांगतो. शहरात सीझरचे जुने सैनिक जमिनीच्या वाटपाची वाट बघत थांबलेले. शेवटी नामवंत वक्ता आणि सिनेटर सिसेरोच्या सांगण्यावरून मारेकऱ्यांना अभय मिळालं आणि सीझरचे हुकूमही कायम राहिले. ज्याचे हुकूम कायदेशीर, त्याचं प्रेत गुन्हेगारासारखं टायबर नदीत कसं फेकणार? तुमचा पहिला मुद्दा हाच. त्याला जोड म्हणून सिसेरोचा मित्र अ‍ॅटिकस याचा इशारा द्या. सार्वजनिक अंत्यसंस्कार झाले तर आपली, म्हणजे मारेकऱ्यांची, बाजू बुडाली, असं तो ओरडून सांगत होता. सिसेरोच्या पत्रात ते आहे.

माझी पद्धत म्हणाल तर पहिली दोन मिनिटं एकही विशेषण नको आणि रक्ताचा उल्लेखही नको. उतावळ्या मुलांना हे सपक वाटतं. वाटू दे. मी कागद परत करते आणि पुन्हा लिहायला लावते.

दुसरी चूकही मला तितकीच सलते. सीझरला संत करून टाकतात! गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या भागातल्या) कत्तली, तहहयात डिक्टेटरपद, हे सगळं प्रतिपक्ष काढणारच. तुम्ही ते आधीच मान्य करा. तुम्हाला त्याची निर्दोषता सिद्ध करायची नाही. खटला न चालवता ठार केलेल्या सत्ताधीशाचं पुढे काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. इथे रोमन चरित्रकार सुएटोनियस कामाला येतो. त्याच्या मते सीझरचा साथीदार अँटनी याने अंत्यसंस्काराच्या वेळी लांबलचक भाषण केलंच नाही. सिनेटने सीझरला दिलेल्या मानसन्मानांचा ठराव आणि त्याच्या रक्षणाची सगळ्यांनी घेतलेली शपथ दवंडीवाल्याकडून वाचून घेतली आणि स्वतःचे मोजकेच शब्द जोडले. शपथ घेणाऱ्यांनीच ती मोडली, यापेक्षा जड मुद्दा दुसरा नाही. अ‍ॅपियनमध्ये मोठं भाषण आहे, पण तो सुमारे दोनशे वर्षांनी लिहितोय. तीन मिनिटांचा व्हिडिओ बघून आलेल्यांना हा फरक कळत नाही, आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

बारीक चुका भराभर सांगते. सीझरला ‘सम्राट’ म्हणू नका, तो कधीच सम्राट नव्हता. ‘ब्रुटस, तूसुद्धा?’ हे लॅटिन वाक्य शेक्सपिअरमुळे गाजलं, ते पुरावा म्हणून देऊ नका. खून कॅपिटॉल टेकडीवर नाही, पॉम्पीने बांधलेल्या सभागृहात झाला. मारेकऱ्यांत ब्रुटस दोन होते. घरी थांबलेल्या सीझरला सभेला घेऊन आला तो डेसिमस, आणि मृत्युपत्रात दुसऱ्या फळीचा वारस म्हणून नाव होतं तेही त्याचंच. मृत्युपत्रात रोमच्या नागरिकांना ठेवलेले माणशी ३०० सेस्टर्स (रोमन नाणी) नुसते सांगितलेत तर समोरचा ‘लाच’ म्हणेल, म्हणून त्याआधी डेसिमसचं नाव घ्या.

आणि सिन्नाला विसरू नका. अंत्यसंस्कारानंतर भडकलेल्या जमावाने हेल्व्हियस सिन्ना या कवीला नामसाधर्म्यामुळे दुसराच सिन्ना समजून ठार मारलं. सीझरवर टीका करणारा तो दुसरा, हा तर सीझरचा मित्र होता. सन्मानाचा हा परिणाम, असं समोरून येईल तेव्हा आवाज चढवू नका. तो खून झाला आणि तो अन्याय होता, हे आधी स्पष्ट म्हणा. मग विचारा, प्रेत गुपचूप नदीत टाकलं असतं, तर जमिनीची वाट बघत थांबलेले ते सैनिक गप्प बसले असते का?