टाइल्स नंतर, आधी भिंत आणि गरम पाणी: जुनं घर दुरुस्त करताना या चुका टाळा

मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात. "साहेब, टाइल्स उतरवल्यात, कधी येताय?"

टाइल्स आल्या, नळ आले, बाथरूमच्या आरशाचा फोटोही व्हॉट्सॲपवर आला. कुठली भिंत राहणार, गरम पाणी कुठून येणार, टाकी कशावर बसणार, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. पंचवीस वर्षं कोल्हापुरात जुन्या घरांची कामं करतोय. पेठांतली पांढऱ्या मातीच्या भिंतींची, सागवानी खांबांची घरं पाहिली, सत्तर-ऐंशीच्या दशकातले स्लॅबचे बंगलेही पाहिले. घरं वेगवेगळी, चुका मात्र त्याच त्या. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

"त्या भिंतीवर लोड नाही ओ"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मंगळवार पेठेतलं एक घर. पुढं सोपा म्हणजे ओसरी, मग माजघर, वर माडी. थोरल्या मुलाला सोपा आणि माजघर एक करून मोठा हॉल हवा होता. मधली भिंत जेमतेम सहा इंचांची. घरच्यांनी आणलेल्या मिस्त्रीनं ठोकून बघितलं आणि सांगितलं, "पार्टिशन हाय, एका दिवसात उडवतो." उडवली. भिंतीच्या पोटात एक लाकूड निघालं. ती जुन्या दाराची चौकट समजून त्यानं कमरेच्या उंचीवर करवत लावली आणि खालचा तुकडा बाजूला काढला.

तो खांब होता. त्याच्यावर तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळईवर कडीपाट म्हणजे दांडे आणि फळ्यांचं छत, त्यावर माडीची मातीची जमीन आणि त्या जमिनीवर आजींचं लोखंडी कपाट. जुन्या घरांत पुष्कळदा असंच असतं. वजन पेलतो लाकडी सांगाडा, भिंत नुसती मधली जागा भरायला. नंतर कुणीतरी खांबासकट सगळ्यावर गिलावा करतं आणि दोन पिढ्यांनी तिथं खांब आहे हेच घरात कुणाला ठाऊक नसतं.

मला तिसऱ्या दिवशी बोलावलं, तेही छताला चीर दिसली म्हणून. आजी म्हणाल्या, "मी परवापासनं सांगतोय, माडीचं दार खाली घासतंय म्हणून. कोण ऐकतंय?" त्या घरातल्या सगळ्यात हुशार माणूस त्याच होत्या. छताला चीर नंतर पडते, दार आधी बोलतं.

रात्री दहाला सेंट्रिंगवाल्याकडून जॅक आणले. खाली जाड फळ्या, वर आडवी फळी, तुळईच्या दोन्ही अंगांना ओळीनं टेकू. मग गर्डर, म्हणजे लोखंडी तुळई. आता गंमत बघा. तुळई दीड बोट खाली बसली होती आणि मालकांना ती त्याच रात्री वर उचलून हवी होती. असं करू नका. वाळलेलं जुनं लाकूड एका झटक्यात उचललं तर सांधा फाटतो आणि वरच्या भिंतीला नवी चीर पडते. आम्ही रोज संध्याकाळी जॅकचा पाव फेरा देत गेलो. अकरा दिवस. तरी माडीचं दार पहिल्यासारखं लागलंच नाही, शेवटी सुतारानं खालून रंधून दिलं. टाइल्ससाठी काढलेले पैसे गर्डरला गेले, ते वेगळंच.

माझी सवय सांगतो. भिंतीला हात लावायच्या आधी टॉर्च घेऊन माळ्यावर चढतो. वासे आणि दांडे कुठल्या दिशेला गेलेत ते बघतो आणि खाली जमिनीवर खडूनं तशाच रेघा मारतो. दांड्यांची टोकं भिंतीवर टेकत असतील तर ती भिंत वजनाची, मग ती कितीही बारीक असो. दांडे भिंतीला समांतर गेले असतील तर थोडी आशा, पण थोडीच. मग वरच्या मजल्यावर त्याच रेषेत भिंत आहे का ते पाहतो. शेवटी दोन-तीन ठिकाणी तळहाताएवढा गिलावा खरवडून आत वीट आहे, माती आहे की लाकूड, ते डोळ्यांनी बघतो. ठोकून आवाजावरून ठरवणाऱ्यांना माझा नमस्कार.

भिंत काढायचीच असेल तर आधी टेकू, मग गर्डरपुरतं भोक, मग गर्डर आणि सगळ्यात शेवटी भिंत. हा क्रम उलटा करून वेळ वाचवलेला माणूस मला अजून भेटायचाय. आणि गर्डरचं टोक थेट पांढऱ्या मातीत खुपसायचं नाही. मातीची भिंत पसरलेलं वजन शंभर वर्षं पेलते, एका टोकावर आलेलं वजन पेलत नाही. टोकाखाली काँक्रीटचा बेड नाहीतर घडीव दगडाचा पाट हवा, आणि दोन्हीकडं निदान नऊ इंच टेकण.

स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा घर दाखवायची फी लोकांना जड जाते. तेवढ्याच पैशाचा शॉवर मात्र जड जात नाही.

सामाईक भिंत

पेठेत तुमच्या भिंतीवर शेजाऱ्याचे वासे असतात आणि त्याच्या भिंतीवर तुमचे. शेजाऱ्याला दाखवून, फोटो काढून, मगच हात लावा. महापालिकेची परवानगीही आधी काढायची, तक्रार झाल्यावर नाही.

मातीच्या भिंतीवर सिमेंट

पांढऱ्या मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच अडकते. दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटतो, आणि सुटताना मातीही घेऊन येतो. चुन्याचा गिलावा करा. "चुन्याला वेळ लागतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीला चुना येत नसतो, एवढंच.

गरम पाणी सगळ्यात शेवटी ठरवणं

ही चूक मी स्वतःच्या घरात केलीय, म्हणून जरा सविस्तर.

कोल्हापुरात खोली गरम करायची वेळ येत नाही. आपल्याकडं सगळा मामला आंघोळीच्या पाण्याचा. त्यामुळं लोकांना वाटतं, यात ठरवायचं काय, गीझर लावला की झालं. मलाही तसंच वाटलं होतं. माझा सोलर, म्हणजे उन्हावर पाणी तापवणारा संच, मागच्या गच्चीवर बसला, बाथरूम पुढच्या बाजूला. मधला पाइप वळणं घेत वीसेक मीटर. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटरच्या आसपास पाणी राहतं. म्हणजे सकाळी नळ उघडला की आधी पाचेक लिटर गार पाणी, मग गरम. आणि मधे दहा मिनिटं थांबलं की पुन्हा तेच. आमच्या घरात त्या नळाखाली एक बादली कायम असायची आणि त्या पाण्यावर सौभाग्यवतींची जास्वंद चांगली पोसली. तिसऱ्या वर्षी मी स्वतःच्या हातानं लावलेल्या टाइल्स फोडून पाइप बदलला. त्या दिवशी घरात मला कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा नकाशावर आधी सोलरची जागा, तिच्या शक्य तितकं खाली बाथरूम, आणि स्वयंपाकघराचा गरम नळही त्याच रेषेत. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप आणि त्याच्यावर काळ्या फोमचं आवरण. साधा पांढरा पीव्हीसी घालून पैसे वाचवणारे आहेत. उन्हाळ्यात सोलरचं पाणी ६० अंशांच्या वर सहज जातं, तो पाइप मऊ पडून सांध्यात सुटतो, आणि सांधा नेमका टाइल्सच्या मागं असतो.

सोलरची जागा मे महिन्यात ठरवू नका. मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी कोल्हापुरात सूर्य बरोबर डोक्यावर असतो, सावली पडतच नाही. सगळी गच्ची उन्हात दिसते. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीसुद्धा ५० अंशांवर असतो. दक्षिणेला शेजाऱ्याची भिंत तुमच्या गच्चीपेक्षा दहा फूट उंच असेल तर बारा वाजता साडेआठ फूट सावली, सकाळी त्याहून लांब. आणि गरम पाणी आपल्याला डिसेंबरातच हवं असतं. आणखी एक, गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर बसली पाहिजे. हे विसरून नंतर लोखंडी स्टँड जोडत बसलेले निदान दहा मालक मी दाखवू शकतो.

त्या स्टँडवरून वजनाकडं येतो. लिटरला किलो, एवढं साधं गणित. २०० लिटरचा सोलर म्हणजे पाण्याचेच २०० किलो, वर टाकी आणि सांगाडा. शेजारी हजार लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर एक टन. तो सगळा भार चार बारीक पायांवर, जुन्या स्लॅबच्या बरोबर मधोमध, कारण तिथं "बसतंय". खालून स्लॅबचं काँक्रीट फुगून गंजलेली सळी दिसत असली तरी पुट्टी मारून पुढं. पाय भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर येऊ द्या. येत नसतील तर दोन भिंतींवर गर्डर टाकून त्यावर ठेवा. कौलारू छपरावर तर नकोच, परसात वेगळा सांगाडा उभा करा.

गीझर

२००० वॅटचा गीझर पावणेनऊ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा तेरा. चाळीस वर्षांपूर्वीच्या, बल्ब-पंख्यासाठी ओढलेल्या वायरीवर हा बोजा टाकायचा नाही. मीटरपासून स्वतंत्र वायर, २००० वॅटला अडीच स्क्वेअर एमएम आणि ३००० ला चार, स्वतंत्र एमसीबी (बोजा वाढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारी). अर्थिंग आहे का हे तपासून घ्या. तीन पिनांचं सॉकेट बसवलं म्हणजे अर्थिंग झालं असं नाही. मागं तिसरी वायरच नसलेली सॉकेट्स मी पोत्यानं काढलीत.

मातीच्या भिंतीवर गीझर टांगताना प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकू नका. भिंतीला आरपार बोल्ट, पलीकडं लोखंडी पट्टी.

गॅस गीझर बाथरूमच्या आत? नाही. खिडकी आहे तरी नाही. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही. गीझर बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर, आत फक्त पाइप. यावर मी वाद घालत नाही, काम सोडतो.

बंब

काही घरांत तांब्याचा बंब अजून हवा असतो. माझा विरोध नाही, शेणीवर (गोवऱ्यांवर) तापलेल्या पाण्याची मजा मलाही ठाऊक आहे. पण न्हाणीघर आत घेतलं तर बंब आत नेऊ नका. एका घरात बंबाचं धुराडं छपरातून काढताना वाशाला टेकवलं होतं. मी बघितलं तेव्हा वासा अर्धा कोळसा झालेला. बंब परसातच राहू दे, वर पत्र्याची शेड करा.

पुराची रेघ

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या वर गेली. दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, तिथल्या भिंतींवर रेघा अजून आहेत. रंग देण्याआधी ती रेघ मोजून घ्या. मीटर, इन्व्हर्टर, गीझरचा स्विच, सगळं तिच्या वर.

कौलं कधी उतरवायची

दिवाळी झाल्यावर. एप्रिलमध्ये वळीव गाठतो, मे संपेपर्यंत सुतार मिळत नाही आणि मृग काही तुमच्यासाठी थांबत नाही. "पंधरा दिवसांचं तर काम आहे" म्हणून २० मेला छप्पर उघडणाऱ्यांच्या घरी मी जूनमध्ये ताडपत्री बांधायला गेलोय.

आणि जुनं सागवान काम संपेपर्यंत विकू नका. कौलं उतरली की लाकूडवाला वासावरच येतो, बरा भाव देतो, आणि पुढच्या आठवड्यात तुम्हाला तेवढंच लाकूड चौपट दरानं आणावं लागतं.

मंगळवार पेठेतला तो कापलेला खांबाचा तुकडाही त्यानं मागितला होता. आजींनी दिला नाही. सोप्यात भिंतीकडेला आडवा टाकलाय, सकाळी त्याच्यावर बसून त्या पेपर वाचतात. मी गेलो की सरकून मला जागा देतात.