दाणा न घालता घोडीचा दम कसा टिकवायचा

वरातीत घोडी दोन कारणांनी नाचते. एक तर तिला शिकवलेलं असतं, नाहीतर पोटात चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, जास्त झालेली असते. पहिल्या नाचाचे पैसे मिळतात, दुसऱ्यात नवरदेव खाली येतो.

नाशिकच्या पंचवटीत माझ्या दोन घोड्या आहेत, दोन्ही लग्नाच्या. त्यांना हरभरा, जव, बाजरी काही नाही. येवल्याच्या घोडेबाजारात कुणाला सांगितलं तर पहिला प्रश्न ठरलेला: मग दम कुठून येतो?

वैरणीतून येतो. घोड्याचं जठर लहान, 8 ते 15 लिटरचं. दोन किलो भिजवलेला हरभरा एकदम तोबऱ्यात भरला की त्यातलं पिष्ट लहान आतड्यात पुरतं पचत नाही, पुढं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. तिथं आम्ल वाढलं की पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांत लॅमिनायटिस, म्हणजे आतली सूज, उतरते. 'हरभरा कुठं धान्य आहे, ती तर डाळ' असं आपले लोक म्हणतात. पिष्ट त्यातही भरपूर असतं. उलट गवतातला तंतू मोठ्या आतड्यात सावकाश कुजतो आणि दिवसभर ताकद देत राहतो. दाणा म्हणजे पाचोळ्याचा भडका, गवत म्हणजे गोवरीची धग.

आधी वजन काढा. छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्याला घेरानंच गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 160, लांबी 150 असेल तर घोडी सव्वातीनशे किलोच्या आसपास. वजनाच्या 2 टक्के सुकी वैरण धरा, म्हणजे रोज साडेसहा किलो. ओला चारा यात तसाच मोजू नका. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं, चार किलो हिरव्यातून जेमतेम एक किलो सुकं हाती लागतं.

निम्म्याहून जास्त वाटा डोंगरी गवताचा ठेवा. पावसाळा सरला की त्र्यंबक, इगतपुरीकडं कापणी होते, तेव्हाच वर्षाची गंजी लावून घ्या. पेंढी सोडून नाक खुपसा: कुबट वास आला, धुरळा उडाला तर ती परत. जोडीला सुका कडबा चालतो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र नको, किराळ लागण्याची, म्हणजे कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची विषबाधा होण्याची भीती असते. उरलेला पाव वाटा लसूणघासाचा, म्हणजे ल्यूसर्नचा. हा घास कापल्या कापल्या घालू नका, अर्धा दिवस सुकू द्या, नाहीतर पोटात वायू धरतो.

एवढ्यावर साधं काम निघतं. लग्नसराईत रोज रात्री काम असेल तर वरून तेल द्या. घोड्याला पित्ताशय नसतं, पित्त सतत थेंबथेंब उतरत असतं, त्यामुळं थोडं थोडं दिलेलं तेल चांगलं पचतं. 30 मिली सोयाबीन तेलानं सुरुवात करा, तीन आठवड्यांत 200 मिलीपर्यंत न्या, दोन वेळांत वाटून, कुट्टीवर चोळून. लीद सैल पडली की मागं या. तेल वाढलं की ई जीवनसत्त्वही लागतं, त्याचं प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. भातगिरणीतलं ताजं राइस पॉलिश, म्हणजे तांदळाचा बारीक कोंडाही चालतो, पण त्यात पिष्ट असतं, म्हणून अर्ध्या किलोच्या वर नको. ते चार दिवसांत खवट होतं, पोतं भरून ठेवू नका. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. ती उणीव लसूणघास भरून काढतो.

चंदी एका दिवसात तोडू नका. दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी कमी करत वैरण वाढवा. चार-पाच तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामं ठेवू नका, आम्ल झरतच असतं. वरातीला निघण्याआधी मूठ-दोन मूठ लसूणघास द्या, बँडच्या आवाजात उपाशी घोडी आणखी बिथरते. मिठाचा खडा बांधून ठेवा, पाणी कायम समोर. शर्यतीच्या किंवा दूध पाजणाऱ्या घोडीला हे जसंच्या तसं पुरेलच असं नाही, तिथं डॉक्टरांना विचारून ठरवा. फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत, एवढंच माप.

आता आपल्या भागातल्या फुकटच्या वैरणीविषयी. कांद्याची पात आणि चाळीतला टाकाऊ कांदा घोड्याला विष आहे; रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळी होते. द्राक्षबागेतलं गवत हिरवंगार दिसतं, पण त्यावर औषधाच्या फवारण्या झालेल्या असतात. मालक कितीही आग्रहानं 'घेऊन जा' म्हणाला तरी नको. आणि गाईचं तयार पशुखाद्य कधीच घालू नका. काहींत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते चालतं, पण घोड्याचं हृदय थोडक्यातही निकामी करतं. त्या पोत्यात फिरलेली बादलीसुद्धा घोड्यासाठी वापरू नका.