लहान मुलांना घेऊन ब्रिटनमधल्या पबमध्ये जेवायला जाताना

पब म्हणजे दारू पिण्याची जागा, तिथे पोरांना कसं न्यायचं, या शंकेने अनेक कुटुंबं पबच्या दारातूनच मागे फिरतात. ब्रिटनमधल्या लहान गावांत बसून गरम जेवायला पुष्कळदा तेवढी एकच जागा असते, त्यामुळे हे मागे फिरणं फार महाग पडतं.

कायद्याची आडकाठी थोडीच आहे. २००३ च्या लायसन्सिंग अ‍ॅक्टनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये १६ वर्षांखालच्या मुलाबरोबर १८ वर्षांवरचं कुणी असलं की मूल पबमध्ये येऊ शकतं. मात्र प्रत्येक पबच्या परवान्यात वेगळ्या अटी असू शकतात, शिवाय मालकाचे स्वतःचे नियम असतात. स्कॉटलंडमध्ये तर कोणत्या वयाची मुलं, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या भागात बसतील, हे परवाना घेतानाच लिहून द्यावं लागतं. त्यामुळे एका पबने प्रेमाने बाळाची उंच खुर्ची आणून दिली म्हणून शेजारचाही देईल, असं धरून चालू नका.

आधी फोन करा. जेवणाच्या गर्दीत नको, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान करा. मुलं किती वाजेपर्यंत चालतात हे विचाराच, पण त्या वेळेला जेवण मागवून झालेलं हवं की उठून बाहेर पडायला हवं, हेही विचारा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दुसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. पब दिवसभर उघडा असला तरी स्वयंपाकघर अनेक ठिकाणी दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतं आणि थेट सहाला उघडतं. काही पबमध्ये जेवण मिळतच नाही. रविवारचा रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं खास जेवण, संपला की संपला. तिसरा प्रश्न, लंगोट बदलायची सोय कुठे आहे? जुन्या इमारतींत शौचालय तळघरात किंवा अरुंद जिन्यावर असतं. बदलायचं फळकूट पुष्कळदा अपंगांच्या शौचालयात असतं आणि त्याला कुलूप असतं. किल्ली बारवर, म्हणजे पेयं देतात त्या काउंटरवर, मागावी लागते. बाबागाडी आत घेता येईल का, तेही विचारून घ्या.

बारा वाजता, पब उघडता उघडता जाणं सर्वांत चांगलं. संध्याकाळी जायचं तर स्वयंपाकघर सुरू होताच पोहोचा. फुटबॉलचा मोठा सामना असेल तो दिवस टाळा.

जागा निवडताना शेकोटी, डार्टबोर्ड आणि स्वयंपाकघराचं दार यांपासून लांब बसा. बाहेरची बाग मुलांना आवडते, पण इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून आत धूम्रपान बंद असल्याने सिगारेटवाले बाहेरच असतात. बागेला कुंपण आहे का, फाटक थेट गाड्या लावायच्या जागेत उघडतं का, हे बसण्याआधी पाहून घ्या.

बहुतेक पबमध्ये वेटर टेबलावर येत नाही. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवायचा, बारवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. मोठ्यांपैकी एकाने मुलांजवळ थांबावं. मुलं बारपाशी उभी राहिलेली अनेक ठिकाणी चालत नाहीत. मुलांचं जेवण आधी आणायला स्पष्ट सांगा, नाहीतर सगळ्यांचं एकदम येतं आणि तोवर मूल भुकेने रडकुंडीला आलेलं असतं.

पेयांची नावं नीट समजून घ्या. तिथे सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, ती दारू आहे. शँडीत बिअर असते. जिंजर बिअर बहुधा बिनदारूची असते, पण दारूचीही मिळते, म्हणून विचारून घ्या. लेमोनेड म्हणजे बुडबुड्यांचं गोड पाणी. साधं पाणी हवं तर ‘टॅप वॉटर’ म्हणा, ते फुकट मिळतं. पाच वर्षांखालच्या मुलाला दारूचा घोट देणं गुन्हा आहे, गंमत म्हणूनही देऊ नका. सात वर्षांखालचं मूल सोबत असताना झिंगणं हाही गुन्हा आहे. १९०२ चा तो कायदा अजून लागू आहे.

सॉसेज बहुधा डुकराच्या मांसाचे असतात, स्टेक अँड एल पायमध्ये गोमांस आणि बिअर दोन्ही. शाकाहारी घरांनी बटाट्याचे चिप्सही (तिथे चिप्स म्हणजे फ्रेंच फ्राइज) विचारूनच घ्यावेत, कारण काही ठिकाणी ते गाईच्या चरबीत तळतात. अ‍ॅलर्जी असेल तर कायद्याने ठरवलेल्या चौदा घटकांपैकी पदार्थात कोणते आहेत, हे पबला सांगावंच लागतं.

अंगावर पाजायला कुणी हरकत घेऊ शकत नाही, इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टचं संरक्षण आहे. बाटली गरम करायला भांडंभर गरम पाणी मागा. बाळाचं जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करून द्यायला काही ठिकाणी नकार मिळतो, कारण ते आतून कुठे कढत राहिलं तर बाळाचं तोंड पोळतं. थर्मास सोबत असलेला बरा.

कर्मचारी वैतागतात ते मुलांच्या आवाजाने कमी, धावपळीने जास्त. हातात गरम ताटं आणि काचेचे ग्लास घेऊन ते टेबलांमधून वाट काढत असतात. रंगखडू, कागद, छोटी खेळणी न्या. व्हिडिओ दाखवायचा तर हेडफोन लावून.

दारातच नकार मिळाला तर वाद घालू नका, परवान्याची अट मोडायला तो माणूस तयार होणार नाही. जवळपास मुलांना घेणारा पब कोणता, एवढं त्यालाच विचारा.