पोटगीची तारीख आणि कराडचा स्टँड

लेक माझ्याकडे सांगलीत, तिचे बाबा साताऱ्यात. पोटगीचा आदेश होता, पण पैसे कधी दिरांच्या हाती रोख, कधी "पुढच्या महिन्यात बघू". मीही चिडून लेकीला सुट्टीत पाठवायचे नाही. तिथं माझं चुकलं. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, हे वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सुनावलं. (त्या मिळाल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून, मोफत, बायकांना तिथं उत्पन्नाची अट नाही.)

रोखीचा पुरावा शून्य. म्हणून आधी पासबुक आणि मेसेज लावून थकबाकीचा महिनावार तक्ता केला. घाई अशासाठी, की वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो. पोटगीचं हे कलम म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. वॉरंटची भाषा निघाली तसे लेकीचे बाबा बोलायला तयार झाले.

तडजोड पुरशीस (कोर्टात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन) दिली: दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पैसे थेट माझ्या खात्यात, शाळेची फी निम्मी-निम्मी, थकबाकी हप्त्यांनी. दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार लेक तिकडे. न्यायची-आणायची जागा कराडचा एसटी स्टँड, दोघांनाही साधारण मध्ये. "सोयीनुसार" हा शब्द मी खोडायला लावला; निम्मी भांडणं त्यातूनच निघायची.

गणपतीत मात्र अजून ओढाताण होते. यंदा गौरी जेवेपर्यंत सांगली, मग अनंत चतुर्दशीला सातारा, असं ठरलंय.