लांबून गिटार, अँप, पेडल घेताय? मग ते घरापर्यंत सुखरूप कसं आणायचं ते आधी ठरवा

मनात भरलेली गिटार नेमकी आपल्यापासून लांबच निघते. दुसऱ्या शहरात नाहीतर पार दुसऱ्या देशात कुणाच्या तरी कपाटावर ती पडून असते आणि आपण इथे रात्री तिचे फोटो परत परत झूम करून बघत बसतो. एखाद्या वाद्यासाठी रात्रभर प्रवास करून जाणं मला मनापासून पटतं, त्यामुळे जाऊ नका असं मी कुणालाही सांगणार नाही. फक्त पैसे द्यायच्या आधी ती वस्तू घरी कशी येणार हे ठरवा, म्हणजे कशात भरून, कशातून, किती वजनाची, कुठल्या कागदावर आणि घरी आल्यावर कुठल्या प्लगमध्ये. बरेच जण आधी सौदा करतात आणि मग केस (गिटारची पेटी) शोधत फिरतात, तिथेच गडबड होते.

जाताना सोबत काय न्यायचं ते आधी सांगतो. आपली स्वतःची चांगली केबल, ट्यूनर, हेडफोन लागणारा छोटा बॅटरीवरचा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा डबा), स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च. विकणाऱ्याला भेटायची जागा अशी ठरवा जिथे बसून वाजवता येईल, स्टेशनच्या बाहेर उभ्याउभ्या व्यवहार नको. गिटार हातात आली की लगेच वाजवायला घेऊ नका, कारण एकदा वाजवायला लागलो की डोळे बंद होतात, म्हणजे दोष दिसेनासे होतात. आधी हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) मागे, नटच्या (तारा जिथून खुंट्यांकडे जातात त्या पट्टीच्या) खालच्या भागात टॉर्च तिरपा मारून बघा, तिथे केसासारखी बारीक रेघ दिसली किंवा पॉलिशचा रंग थोडा वेगळा वाटला तर तिथे कधीतरी तुटून चिकटवलेलं असू शकतं. नीट चिकटवलेली गिटार वाजते छान, पण किंमत त्याप्रमाणे खाली यायला हवी. मग नेक (गिटारची लांब मान) बॉडीच्या बाजूने डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा, ट्रस रॉडचा (नेकच्या आत तिला सरळ ठेवणाऱ्या धातूच्या सळईचा) आवळायचा नट दोन्हीकडे फिरतो का विचारा, फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांनी पाडलेले खड्डे बघा, प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका. खरखर ही स्वस्तात जाणारी गोष्ट आहे, वाकडी नेक नाही.

गिब्सन कंपनीची गिटार असेल तर अजून एक, ट्रस रॉडवरचं झाकण खऱ्या गिब्सनला साधारण दोन स्क्रूंचं असतं, नकली मालावर बऱ्याचदा तीन दिसतात. १९७७ पासून २००५ च्या आसपासपर्यंतच्या नेहमीच्या गिब्सनवर आठ आकडी नंबर असतो, त्यातला पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल होतं आणि मधले तीन आकडे म्हणजे वर्षातला कितवा दिवस. त्यामुळे मधले तीन ३६६ च्या वर गेले तर तिथेच थांबा.

आता पॅकिंग, आणि याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण निम्म्याहून जास्त वाद्यं इथेच मरतात. हेडस्टॉकला काही आपटलंच नाही तरी तो तुटतो हे लोकांना पटत नाही. होतं असं, की केस पाठीवर सपाट पडते, बॉडी आणि नेक केससोबत जागच्या जागी थांबतात, पण हेडस्टॉकवर सहा ट्यूनिंग मशीनचं, म्हणजे खुंट्यांचं, वजन असतं आणि त्याच्या खाली केसमध्ये रिकामी जागा असते, त्यामुळे तो त्याच वेगाने पुढे जायला बघतो आणि नटपाशी, जिथे ट्रस रॉडसाठी लाकूड कोरून काढलेलं असतं आणि हेडस्टॉक मागे कललेला असतो, तिथे खटकन जातो. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या गिटारांत तो कल साधारण १७ अंश असतो आणि नेक महॉगनीची, म्हणून त्यांना धोका जास्त. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅट, टेली या गिटारांचा हेडस्टॉक सरळ असतो, त्या बऱ्याच दणकट, पण म्हणून निष्काळजीपणा नको.

म्हणून केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंनी जागा भरायची. टीशर्ट, टॉवेल, फोम काहीही चालेल, पण घट्ट ठासून नाही, हाताने दाबलं तर थोडं दबेल इतकंच, नाहीतर उलट त्याचाच दाब हेडस्टॉकवर येतो. नेकच्या खाली जिथे केसचा आधार नाही तिथेही घडी करून कापड द्या. झालं की केस बंद करून दोन्ही हातांनी हळू हलवून बघा, आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडा. ट्रेमोलोचा (सूर हलवायचा) दांडा काढून वेगळा ठेवा, तारा आणि फ्रेट यांच्यामध्ये पातळ फोम किंवा कागद सरकवा, केसच्या कप्प्यात कॅपो (नेकवर लावायचा चिमटा), पेडल (पायाने दाबून आवाज बदलायचे डबे), अडॅप्टर असलं जड काही ठेवू नका कारण झाकण उघडून ते थेट वरच्या पॉलिशवर येतं.

तारा सोडाव्यात का यावर भांडणं होतात. माझं मत, एक ते दोन सूर खाली उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. दहा नंबरचा तारांचा सेट सुरात लावला की इलेक्ट्रिक गिटारवर सगळ्या तारांचा मिळून साधारण ४५ किलो ताण असतो आणि ट्रस रॉड त्याच्या उलट बाजूने ओढत असतो, तारांचा ताण एकदम शून्य केला आणि गिटार बरेच दिवस तशीच राहिली तर नेक मागे वाकायला लागते. थोडा उतरवला की हेडस्टॉकवरचा भार कमी होतो आणि तोलही राहतो.

कुरियरने येणार असेल तर केस ही खोक्यात गेलीच पाहिजे, नुसत्या केसवर पत्ता चिकटवून पाठवणाऱ्याला सरळ नाही म्हणा. खोका केसपेक्षा सगळीकडून पाच-सात सेंटीमीटर मोठा, मधली जागा चुरगळलेल्या कागदाने किंवा बबल रॅपने भरलेली, आणि दोन्ही टोकांना जास्त. आणि हो, पैसे वजनावर लागतील असं धरून बसू नका, कुरियरवाले आकारावर वजन काढतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये आणि भागिले ५०००, असा हिशोब बऱ्याच ठिकाणी चालतो. ११५ बाय ५० बाय २० चा खोका म्हणजे २३ किलो, आत गिटार चार किलोची का असेना.

बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेल्या) नेकची गिटार असेल, म्हणजे स्ट्रॅट, टेली आणि त्या वळणाच्या सगळ्या, तर सगळ्यात सुरक्षित रस्ता म्हणजे नेक काढून सुटकेसमधून आणणं. तारा सैल करा, पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा म्हणजे तारा खुंट्यांवरून सुटून गुंता होत नाही, मागचे चार स्क्रू काढा. नेक साधारण ६५ सेंटीमीटर भरते, मोठ्या सुटकेसमध्ये तिरपी बसते, बॉडी कपड्यांच्या मधोमध. नेकच्या खाचेत कागदाचा किंवा लाकडाचा पातळ तुकडा सापडला तर तो कचरा नाही, नेकचा कोन जमवायला कुणीतरी मुद्दाम ठेवलेला असतो, त्याचा फोटो काढा आणि पाकिटात जपून ठेवा. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा, एका जागी हलकासा टक असा खाली बसतो, तिथून सरळ आवळायचा, म्हणजे लाकडातला जुनाच आटा मिळतो आणि नवीन आटा पडून भोक खराब होत नाही. असे दोनचार वेळा उघडले-लावले तरी काही होत नाही, या गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने नेक बदलता यावी म्हणूनच तसं केलं होतं.

विमानात न्यायची असेल तर केबिनसाठी चांगली जाड गिग बॅग (मऊ कापडी पिशवी) आणि चेक-इनसाठी हार्ड केस, उलट करू नका. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांसाठी २०१५ पासून नियमच आहे की चढताना वरच्या कप्प्यात किंवा सीटखाली जागा असेल आणि वाद्य त्यात सुरक्षित बसत असेल तर ते न्यायला द्यायचं, बाकी ठिकाणी कंपनीप्रमाणे फरक पडतो, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्यांचा वाद्यांबद्दलचा नियम वाचा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा. लवकर चढता येईल असं बघा, कारण कप्पे भरले की नियमही काही करू शकत नाही. आत जाऊ देत नसतील तर गेटवरच द्यायची विनंती करा, म्हणजे ती सरकत्या पट्ट्यांवरून जात नाही, बहुतेक वेळा हातानेच विमानात चढवली जाते. फ्रॅजाइलच्या स्टिकरवर माझा अजिबात भरवसा नाही, आतलं पॅकिंग त्याशिवायही टिकेल इतकं चांगलं हवं.

पेडल शक्यतो हातातल्या बॅगेत. एक्स-रेमध्ये तारा आणि सर्किट भरलेले धातूचे डबे विचित्र दिसतात, तेव्हा तपासणीला सांगायच्या आधीच बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवा, वेळ वाचतो. आतल्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या काढा. वायरलेस युनिट, पॉवर बँक यातली सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच ठेवायची, आणि १०० वॉट-अवरपर्यंतच बिनबोभाट जाते. स्क्रू ड्रायव्हर, तारा कापायचं कटर हे मात्र चेक-इनमध्ये टाका. फ्रेटबोर्ड पुसायला कुणी लायटर फ्लुइड दिलं असेल तर ते तिथेच सोडून या, ते ज्वालाग्राही असतं, कुठल्याच बॅगेत चालत नाही.

अँपचं प्रकरण वेगळं. फेंडर ट्विन रिव्हर्ब अँप २९ किलोच्या आसपास, मार्शलचा चार स्पीकरवाला कॅब (स्पीकरची पेटी) ३६ च्या घरात, आणि विमानात एका बॅगेला साधारण २३, फार तर पैसे भरून ३२ किलो. म्हणून लांबून आणायचं तर हेड (अँपचा स्पीकर नसलेला भाग) आणा, कॅब घराजवळ शोधा किंवा बनवून घ्या, हा माझा ठाम सल्ला आहे. ट्यूब अँप (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांवर चालणारा) बंद केल्यावर पूर्ण थंड झाल्याशिवाय हलवायचा नाही, तापलेल्या ट्यूबच्या आतली तार धक्क्याने जाते. मोठ्या पॉवर ट्यूब काढून एकेक गुंडाळा आणि कुठली कुठल्या सॉकेटमधली ते मार्करने लिहा. स्पीकर सुटा आणत असाल तर कोनवर (स्पीकरच्या पुढच्या कागदी पडद्यावर) प्लायवूडचा गोल किंवा जाड पुठ्ठा स्क्रूने बांधा, कारण कागदी कोनमधून बोट सहज आरपार जातं.

आणि व्होल्टेज. अमेरिकेत १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, जपानमध्ये १००, युरोपात आणि भारतात २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. मागची पट्टी विकत घेतानाच वाचा, फोटो मागवा. काही अँपना मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असतो, तो बदलला की फ्यूजही बदलावा लागतो कारण व्होल्टेज निम्मं झालं की करंट जवळपास दुप्पट होतो. स्विच नसेल तर स्टेप-डाऊन (व्होल्टेज कमी करणारा) ट्रान्सफॉर्मर. अँपच्या त्या पट्टीवर लागणारी वीज १८० वॉट लिहिली असेल तर ३०० व्हीए क्षमतेचा घ्या, काठावरचा नको. त्याच्या आउटपुटला तिसरी, अर्थिंगची पिन आहे का आणि ती खरोखर भिंतीतल्या अर्थपर्यंत जोडलेली आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण गिटारच्या तारा अँपच्या चॅसिसला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेल्या असतात आणि आपले हात त्या तारांवर असतात. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर थोडा जास्त तापतो, जुन्या अँपमध्ये याकडे लक्ष ठेवा. पेडलांना हा त्रास नाही, बहुतेक ९ व्होल्ट डीसी, मधली पिन निगेटिव्ह, फक्त अडॅप्टर आपल्याकडचा घ्यायचा.

कागदांचं थोडक्यात. बिल खऱ्या किमतीचं घ्या, सीरियल नंबर त्यावर लिहून घ्या. कमी किंमत दाखवली तर कस्टम्सचा धोका आहेच, पण सामान तुटलं की भरपाईही तेवढ्याच आकड्यावर मिळते. कुणी ओळखीचं माणूस येताना आणणार असेल तर आत काय आहे हे त्याला स्पष्ट सांगा, बिलाची प्रत द्या, ड्युटी लागली तर आपण भरू हे आधी कबूल करा, त्याला खोटं बोलायला लावू नका. लाकडाचंही बघा. २०१७ च्या सुरुवातीला साइटीस करारात (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) रोजवूडच्या सगळ्या जाती (शास्त्रीय नाव डॅल्बर्जिया) आल्या होत्या, नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवूडला नाही. ते १९९२ पासून सर्वात कडक यादीत आहे, त्यामुळे साठच्या दशकातली जुनी गिटार सीमेपलीकडून घेताना फ्रेटबोर्ड कशाचा आहे हे विचारा आणि परवाना नसेल तर सोडा. हस्तिदंताचा नट असेल तरी तेच.

गाडीने आणत असाल तर एकच सांगतो, उन्हात बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. आतलं तापमान साठच्या पुढे जाऊ शकतं आणि साधारण तेवढ्यावर गोंद मऊ पडायला लागतो, अकूस्टिकचा ब्रिज उचलला जातो. गिटार सोबत आत घेऊन या.

घरी पोचल्यावर खोका आला की उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, बाहेरची बाजू, लेबल, दबलेले कोपरे सगळं त्यात आलं पाहिजे. थंड हवेतून किंवा विमानाच्या पोटातून आलेली केस मात्र लगेच उघडू नका, खोलीत तशीच काही तास, खूप थंडी असेल तर रात्रभर राहू द्या. नायट्रोचं, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं, पॉलिश असेल तर गार लाकडावर एकदम उबदार हवा लागली की त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. यात अडचण एकच, नुकसानीची तक्रार काही ठिकाणी चोवीस तासांत करायची असते, म्हणून बाहेरून खोका फाटलेला दिसला तर तो आणणाऱ्याकडून सहीच्या कागदावर तिथेच लिहून घ्या आणि मग निवांत थांबा. अँपलाही तसंच, आत दमटपणा धरलेला असतो, तो सुकल्याशिवाय प्लग लावू नका, आणि ट्यूब अँप स्पीकर जोडल्याशिवाय चुकूनही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

मग तारा सुरात आणा आणि ट्रस रॉडला दोनचार दिवस हात लावू नका. नवीन हवेत लाकूड बसायला वेळ घेतं, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. पहिल्या दिवशी तार फ्रेटला घासून वाजत असेल तरी बऱ्याचदा चौथ्या दिवशी आपोआप थांबते. नाहीच थांबली तर ट्रस रॉडच्या नटला पाव फेरा, परत सुरात लावून एक दिवस थांबायचं, मग लागला तर अजून पाव. नट अडतोय असं वाटलं तर जोर लावू नका, गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन जा.