मँटिस पाळताय? मग या चुका टाळा

पावसाळा संपत आला की झाडांवर, सोसायटीच्या कुंपणावर, कधी रात्री ट्यूबलाइटजवळ भिंतीवर हिरवागार मँटिस, म्हणजे पुढचे दोन पाय नमस्कार केल्यासारखे दुमडून बसणारा किडा, दिसतो आणि पोरं हट्ट धरतात, पाळूया. पाळा की. आपल्याकडचा हायरोड्युला हा मोठा मँटिस पाळायला तसा सोपाच आहे, फारसं आजारपण काढत नाही, आवाज नाही, वास नाही. पण "काल बरा होता हो, आज डब्यात खाली पडलेला दिसला" ही तक्रार सतत ऐकू येते आणि खोदून विचारलं की बहुतेकदा एकच निघतं, कात टाकताना गेला.

म्हणून आधी डब्याचं बघा. मँटिस उलटा टांगून कात टाकतो. वरच्या जाळीला पाय रोवून डोकं खाली, मग पाठीवरची कात चिरते आणि तो हळूहळू खाली सरकत बाहेर येतो, पायमोजा काढावा तसा एकेक पाय ओढून काढतो, शेवटी नुसता पोटाच्या टोकावर स्वतःच्याच कातीला लोंबकळत राहतो आणि अंगात जरा ताकद आली की वर वळून ती रिकामी कात पकडतो. हे सगळं व्हायला खाली मोकळी जागा नको का? डब्याची उंची किड्याच्या लांबीच्या निदान तिप्पट आणि रुंदी दुप्पट पाहिजे, म्हणजे ७ सेंमीच्या मँटिसला २१ सेंमी तरी उंची, आणि ही उंची खाली टाकलेली माती आणि फांद्या सोडून मोजायची. लोक काय करतात, लोणच्याच्या बरणीच्या प्लास्टिकच्या झाकणाला खिळ्याने चार भोकं पाडतात की झालं. त्या गुळगुळीत झाकणाला तो धरणार कसा? मधेच पाय सुटला आणि खाली आपटला की वाकडातिकडा होऊनच वाळतो. झाकणाला आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा, फुकटचा उपाय आहे.

दुसरी चूक म्हणजे काळजीपोटी हात लावणं. मँटिस खायचा बंद झाला, एका जागी टांगून राहिला की समजा कात येतेय, आणि पाठीवरच्या पंखांच्या कळ्या फुगल्या असतील तर ती शेवटची. अशा वेळी आपल्याला वाटतं उपाशी आहे बिचारा, म्हणून जिवंत झुरळ किंवा रातकिडा आत सोडून आपण झोपायला जातो आणि तो रात्री त्या मऊ पडलेल्या मँटिसलाच कुरतडतो. खाणं काढून घ्या, डबा हलवू नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. कात टाकून झाल्यावरही एक दिवस थांबा, मोठा असेल तर दोन, मगच खायला द्या. कात पायाला अडकली तर ओढू नका, डब्यात जरा ओलावा वाढवा. लहानपणी पाय तुटला तर पुढच्या कातींमध्ये परत येतो, पंख फुटल्यावर मात्र येत नाही कारण पुढे कात टाकणंच नसतं. नुसते पंख चुरगळले असतील तर काही बिघडत नाही, मजेत जगतो.

पाण्याची वाटी नको. सकाळी हलका फवारा मारायचा, थेंब तो चाटून पितो. पण कोकणात जुलैमध्ये रोज फवारलंत तर बुरशीच पाळाल, आणि एसीच्या खोलीत किंवा विदर्भातल्या मे महिन्यात एकदा फवारून भागणार नाही. खिडकीतल्या उन्हात काचेचा बंद डबा ठेवू नका, आत शिजतो तो.

खाण्यात हलणारा किडा लागतो, मेलेल्याकडे सहसा बघतसुद्धा नाही. पिल्लांना पिकलेल्या केळ्यावरची चिलटं, मोठ्यांना माश्या, पतंग. मोरीतलं झुरळ देऊ नका, त्याने पेस्ट कंट्रोलचं जेल खाल्लेलं असू शकतं. आणि ज्या खोलीत डासांचं मशीन किंवा कॉइल लावता तिथे मँटिस ठेवायचाच नाही, डास मरतो तर हा कसा वाचेल! पाय थरथरायला लागले, उभं राहता येईना, तर आधी हाच संशय घ्या आणि त्याला लगेच मोकळ्या हवेत न्या.

उगाच घाबरायचं कारण नसलेल्या गोष्टीही आहेत. रात्री डोळे काळे होतात, सकाळी परत हिरवे, ते तसंच असतं. डोळ्यात एक काळा ठिपका आपल्याकडेच बघतोय असं वाटतं तोही आजार नाही, आपण हललो की तोही सरकतो. सरकत नसलेला तपकिरी डाग मात्र भिंतीवर डोळा घासून झालेला असतो. काळपट ओकारी दिसली तर खाणं थांबवा, डबा धुवा, हवा खेळती करा. आणि मोठा होऊन काही महिने झालेला मँटिस मंद पडला, पायाची टोकं गळायला लागली तर ते म्हातारपण, सगळं आयुष्यच साधारण वर्षभराचं.

दोन मँटिस एका डब्यात ठेवायचे नाहीत, भाऊबहीण असले तरी एकमेकांना खातात. बागेतून मोठी मादी आणली असेल तर तिचं बहुतेक मीलन आधीच झालेलं असतं, एक दिवस झाकणाला तपकिरी फेसाचा गोळा चिकटलेला दिसेल. तो फेकू नका, त्यात तिची अंडी असतात. त्यातून शंभरावर पिल्लं निघू शकतात, एवढ्यांना चिलटं पुरवणं घरात कुणाला जमत नाही, तेव्हा चार-पाच ठेवा, तीही वेगवेगळ्या डब्यात, आणि बाकीची आई जिथून आणली त्याच झाडांवर सोडून द्या.