इंटरनेटची पाळी: वाडीवरच्या शाळेसाठी देणगी कशी मागावी

आमच्या शाळेला पहिली मोठी देणगी मिळाली ती ४३ इंची टीव्हीची. नारळ फुटला, हार झाले, फोटो निघाले. पुढच्या जूनमध्ये विजा झाल्या आणि टीव्हीला जोडलेला राउटर जळाला. नवा घ्यायला पैसे नव्हते. लाइटबिल चार महिने थकलेलं होतं. धूळ बसू नये म्हणून मी टीव्हीवर जुनी साडी टाकली, ती पुढे दीड वर्ष निघाली नाही. देणारा माणूस मनापासून देणारा होता. चूक आम्हा मागणाऱ्यांची होती. आम्ही वस्तू मागितली, ती चालू ठेवायचा खर्च मागितलाच नाही.

कोकणातल्या मंडणगड तालुक्यातल्या त्या वाडीवर मी ११ वर्षं शिक्षिका होते. त्या टीव्हीनंतर आम्ही मागायची पद्धतच बदलली. तीच इथे सांगते. शाळा असो, गावचं वाचनालय असो, काम जवळपास सारखंच आहे.

सुरुवात वहीपासून करा. पैसे मागायच्या आधी घरोघर जा आणि फोन मोजा. देशाचे आकडे उपलब्ध आहेत: २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या १०० पैकी जेमतेम ४ घरांत संगणक होता, शहरात २३ घरांत. पण हा आकडा सभेत सांगितला की लोक नुसती मान हलवतात. आमच्या ४१ घरांचा आकडा सांगितला तेव्हा मात्र सभा गप्प झाली. ४१ घरांत २९ स्मार्टफोन होते, म्हणजे वरवर पाहता बरंच बरं चित्र. मी पुढचे प्रश्न विचारले. फोन दिवसा घरी असतो का? रिचार्ज कोण करतं, किती दिवसांनी? घरात रेंज येते की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जावं लागतं? मुलगा आणि मुलगी दोघं शिकत असतील तर फोन आधी कुणाच्या हातात जातो? दिवसा घरी राहणारे फोन निघाले ९, आणि त्यातले मुलींच्या हाती लागणारे ३. हे तीन फोन मी प्रत्येक पत्रात लिहिले.

२०२० सालची आठवण सगळ्यांना होतीच. टाळेबंदीत शाळा फोनवर गेली, आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. खांब आडवे झाले, आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. मुलं चार्जिंगसाठी जनरेटर असलेल्या घरी जायची आणि रेंजसाठी सड्यावर चढायची, भर पावसात.

मग खर्च मांडा, आणि दोन वेगळ्या पानांवर मांडा. पहिल्या पानावर एकदाचा खर्च: आमच्याकडे १० टॅब, इन्व्हर्टर आणि बॅटरी, कुलपाचं कपाट, नीट अर्थिंग आणि विजेपासून बचावाचं साहित्य. कोकणात शेवटच्या दोन गोष्टी काटछाटीत घालवू नका. त्या स्वस्तात येतात, आणि त्या नसतील तर बाकीचं सगळं एका वळवाच्या पावसात जातं. दुसऱ्या पानावर वर्षाचा खर्च. आमचा असा होता: इंटरनेट ७,२०० रुपये, लाइटबिल ३,६००, दुरुस्ती ६,०००, आणि चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागणार म्हणून दरसाल बाजूला ३,५००. एकूण २०,३००. म्हणजे महिन्याला साधारण १,७००.

दुसरं पान भरल्याशिवाय पहिल्या पानासाठी एक रुपयाही घ्यायचा नाही, हा आमच्या शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव होता. समितीतल्या काहींना तो हट्टीपणा वाटला. टॅब देणारा दारात उभा असताना त्याला थांबवायचं कसं? मी म्हटलं, थांबवू या. टीव्हीवरची साडी सगळ्यांनी पाहिली होती.

१,७०० रुपये दरमहा आणायचे कुठून, याचं उत्तर वाडीतच होतं. देवळातल्या दिवाबत्तीची पाळी तिथे घरोघर वाटलेली आहे. कुणाची पाळी कधी हे लहान पोरही सांगतं, आणि कुणी ती चुकवत नाही. आम्ही इंटरनेटची तशीच पाळी लावली. वर्षाचे १२ महिने, महिन्याला एक यजमान. एकट्याला १,७०० झेपत नसतील तर तीन-चार घरांनी मिळून एक महिना घ्यायचा. शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर त्या महिन्याच्या यजमानाचं नाव खडूने लिहायचं. ज्या आजींनी चार शेजारणींना घेऊन श्रावणाचा महिना घेतला, त्या महिनाभर येता-जाता फळ्यापाशी थांबायच्या.

गावाने आधी दिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. रक्कम लहान का असेना. धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांनी गावोगाव प्रेरणासभा घेऊन लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल केल्या, तिथेही मोठा वाटा गावांनीच उचलला होता. ज्या वस्तूत आपले २०० रुपये आहेत तिच्या खोलीची खिडकी उघडी राहिली तर माणूस रात्री उठून लावून येतो.

वाडीचे पाच महिने भरले, मग आम्ही मुंबईकडे वळलो. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. त्यांना गाठायची वेळ म्हणजे गणपती आणि शिमगा. मात्र आरतीनंतर घाईत उभ्याउभ्या मागू नका. गौरी-विसर्जनानंतरच्या दिवशी, निघायची गडबड सुरू व्हायच्या आत, शाळेतच सभा लावा. भाषण दहा मिनिटांच्या वर नको. आम्ही सातवीच्या मुलीला वहीतले आकडे वाचायला सांगितलं आणि त्यानंतर दोन्ही पानं भिंतीवर लावली. कुणाला शंका असेल तर तिथेच विचारू द्या. "बाय, मागचो टीव्ही खंय गेलो?" असं एका मुंबईकर आजोबांनी विचारलं. ते मूळचे मालवणकडचे, लेक आमच्या वाडीत दिलेली. मी साडी काढून टीव्ही दाखवला, बिल दाखवलं, राउटरही दाखवला. त्या सभेत सगळ्यांत मोठी रक्कम त्यांनीच दिली.

जे आले नाहीत त्यांना व्हॉट्सअपवर निरोप गेला. त्यातला मजकूर असा होता, हवा तर तसाच घ्या: "आपल्या शाळेत ३८ मुलं आहेत. दिवसा घरी राहणारे फोन ९. आम्हाला टॅबच्या आधी वर्षभराचं इंटरनेट आणि लाइटबिल भरायचं आहे. १२ पैकी ५ महिने वाडीने घेतले आहेत, ७ शिल्लक आहेत. एक महिना १,७०० रुपये. कोणता महिना घेता ते कळवा." देता का, असं विचारायचं नाही. कोणता महिना घेता, असं विचारायचं. सात महिने नऊ दिवसांत गेले.

पैसे कुणाच्या खासगी खात्यावर घेऊ नका, शिक्षकाच्या तर नाहीच. "बाई, तुमच्याच नंबरवर टाकतो" असं लोक विश्वासाने म्हणतात, तरी नाही म्हणा. समितीच्या नावाचं बँक खातं, अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोन सह्या, प्रत्येक रकमेला क्रमांकाची पावती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पावतीपुस्तक आम्ही एका आईकडेच दिलं. तिच्याइतकं काटेकोर काम मी कुठल्या कचेरीत पाहिलं नाही.

मोठ्या रकमेसाठी थोडी कागदपत्रं कळायला हवीत. देणगीवर आयकराची जी सवलत सगळे ८०जी म्हणून ओळखतात, ती नोंदणी असलेल्या संस्थेच्याच पावतीवर मिळते. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीवर मिळत नाही, आणि वस्तू दिल्यावरही मिळत नाही. म्हणून अशी नोंदणी असलेली, तालुक्यात खरोखर काम करणारी संस्था सोबत घ्या.

कंपन्यांचं गणित वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना, उदाहरणार्थ वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्यांना, तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो. त्यामुळे मुंबईच्या मुख्यालयाला पत्र पाठवण्याआधी जवळची औद्योगिक वसाहत बघा. आमच्यासाठी ती खेडजवळची लोटे-परशुराम. संस्थेमार्फत पैसे यायचे असतील तर कंपन्यांचा असा निधी घ्यायला लागणारी सीएसआर-१ ही नोंदणी तिच्याकडे आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि तिथेही दुसरं पान पुढे करा. नुसते टॅब देणाऱ्या कंपनीला आम्ही तीन वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम त्यातच धरायला सांगितली. एकीने नकार दिला, दुसरीने मान्य केलं.

परदेशातला गावकरी द्यायला तयार असेल तर एकच गोष्ट आधी विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर माणूस आपल्याच वाडीचा असला तरी ती विदेशी देणगी होते, आणि ती एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, परवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते.

जुने लॅपटॉप मिळतात, पण सरसकट घेऊ नका. आम्हाला एका कार्यालयाकडून सहा आले, चारांना चार्जर नव्हते. आता आम्ही आधी चार गोष्टी विचारतो: चार्जर आहे का, बॅटरी तासभर टिकते का, पासवर्ड काढला का, आतली माहिती पुसली का. चालू स्थितीतल्या जुन्या यंत्रावर उबंटू किंवा लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घातली की ते मुलांच्या कामाला पुरतं. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, सरकारच्या दीक्षा ॲपवरचे शाळेचे धडेही उतरवता येतात. पावसाळ्यात आठवडाभर रेंज गेली तरी खोली चालू राहते.

देणगी आल्यावर यजमानाला त्याच्याच महिन्याचा हिशेब पाठवा, एका पानाचा: आलेले १,७००, बिल इतकं, दुरुस्ती इतकी, शिल्लक इतकी. बंद पडलेलं काही असेल तर तेही लिहा. संध्याकाळी दोन तास खोली मोठ्यांसाठी उघडी ठेवा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले तेव्हा वाडीतल्या बायका तालुक्याला खेटे न घालता इथेच बसून भरत होत्या, मुली त्यांना शिकवत होत्या. पुढच्या वर्षी पाळी घ्यायला त्यांच्यातल्याच बऱ्याच जणी पुढे आल्या.

एक महिना मात्र दर वर्षी अडतो, जून. पेरणी, बियाणं, वह्या-पुस्तकं, कुणाच्या हातात पैसा नसतो. तो मुंबईकरांसाठी राखून ठेवा. मे महिन्यात ते आंबे-काजूंसाठी येतात, तेव्हाच विचारा, आणि परतीच्या गाडीत बसायच्या आधी पावती फाडा.